मी त्या बोटाखाली नव्हतो

मी एक आंत्रपुच्छ. शिकलेली माणसं मला अपेंडिक्स म्हणतात, आमच्या घरात अपेंडीस म्हणतात. करंगळीएवढं आतड्याचं शेपूट, एका टोकाला मोठ्या आतड्याला जोडलेलं, दुसऱ्या टोकाला बंद. सध्या मुक्काम गंगापूर तालुक्यातल्या एका गावी, मनकर्णाबाईच्या ओसरीवरच्या कोनाड्यात, स्पिरिटच्या बाटलीत. शेजारी आणखी एक बाटली आहे. तिच्यात आहे ते थोरल्या सुनेचं, मी धाकटीचा. थोरली आत चुलीपुढं भाकरी थापते आहे. धाकटी नाही. तिला मी मारलं, यात वाद नाही. पण मला एकट्याला ते जमलं नसतं, म्हणून बोलतोय.

माझ्याकडून माफीची वाट बघू नका. आतड्याच्या तुकड्याला कसला आलाय पश्चात्ताप? मला डोळे नाहीत, हातपाय नाहीत. ऐकू मात्र सगळं येतं, आणि जे दिसत नाही ते ओसरीवरच्या गप्पांतून कळतं. पोटात राहून माणसाबद्दल जेवढं कळतं तेवढं शेजारी राहून कळत नाही.

आधी माझी जागा सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या जागेपायी घडलं. पोटात उजवीकडं खाली, जिथं मोठं आतडं सुरू होतं, तिथं एक पिशवी असते. आमचं मूळ त्या पिशवीला. मूळ सगळ्यांचं तिथंच, शेपूट मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीचं. कुणाचं पुढं येऊन पोटाच्या भिंतीला टेकतं, कुणाचं खाली ओटीपोटात लोंबतं, कुणाचं वर यकृतापर्यंत पोचतं. माझं शेपूट पिशवीच्या मागं वळून पाठीकडं गेलेलं. म्हणजे माझ्यापुढं वायूनं फुगलेली पिशवी, आणि मागं कंबरेतून मांडीत उतरणारा जाड स्नायू. उशी पुढ्यात घेऊन भिंतीला पाठ लावून बसावं तसा मी बसलेलो. असा बसणारा मी काही जगावेगळा नाही. घरोघरी आहोत आम्ही. तुमच्याही पोटात असेन कदाचित.

मी ज्या पोटात वाढलो ती भागूबाई पडेगावची. पोलीस ॲक्शन होऊन गेली, रझाकारांच्या भीतीनं रानोमाळ झालेली माणसं घरी परतली, त्यानंतरच्या सुगीत ती जन्मली. आई लवकर गेली. बापानं पोर चुलतीच्या पदरात टाकली आणि सुटला. चुलतीचं नाव सारजाबाई. तिचा एकच कायदा होता, जी रडेल तिला ताट नाही. पोर भुकेपायी शहाणी झाली. रडू आलं की ती श्वास रोखून पोट आत ओढून धरायची, तोंडातून आवाज नाही. तिचं सगळं रडणं पोटातच व्हायचं, म्हणजे माझ्या अंगावर. मला त्याची इतकी सवय झाली की ती हसायला लागली तर मलाच चुकल्यासारखं वाटे.

मग लग्न झालं आणि आम्ही दोघं या घरी आलो. कापसाची जमीन, दारात बैल, घरात दोन भाऊ. थोरला पुंजाराम, त्याची बायको साळूबाई. धाकटा रामकिसन, तो भागूबाईचा नवरा. आणि दोघांच्या वर त्यांची आई, मनकर्णाबाई. रामकिसन वाईट माणूस नव्हता. आईला विचारल्याशिवाय तो पाणीसुद्धा पीत नसे, एवढंच. आई सकाळी म्हणाली ऊन पडलंय की पोरगा घोंगडी झटकून आत ठेवायचा, बाहेर आभाळ भरलेलं असो नाहीतर नसो.

मनकर्णाबाईला मी दुष्ट म्हणणार नाही. दुष्ट माणसाचं भय असतं, त्याच्यापासून आपण जपून राहतो. ही पडली शहाणी. आणि तिला शहाणी केली ती माझ्या या शेजाऱ्यानं.

झालं असं. एका सकाळी साळूबाई अंगण सारवता सारवता पोट धरून खाली बसली. बेंबीभोवती कळ, मग उलटी, आणि दुपार होईतो कळ उतरून उजव्या कुशीखाली येऊन थांबली. साळूबाईचं अपेंडीस पुढं, अगदी पोटाच्या भिंतीला नाक लावून बसलेलं. ते सुजल्यावर भिंत खवळणारच. साळूबाई असली ओरडली की वेशीवरची माणसं धावत आली. पोट लाकडासारखं टणक. शेजारणी म्हणाल्या, बेंबी सरकली, पोटावर तांब्या उपडा लावा. कुणी म्हणालं, एरंडेल पाजा. मनकर्णाबाईनं सगळ्यांना गप्प केलं.

"माझ्या सुनेला कुणी हात लावायचा नाय. गाडी जुंपा. औरंगाबादला न्यायची तिला."

ते तिनं बरोबर केलं. खरं ते खरं. बैलगाडीनं गंगापूर, तिथून एसटीनं शहर, आणि सूनबाईला मांडीवर घेऊन ही बाई वाटभर ड्रायव्हरला शिव्या देत गेली, सावकाश हाक म्हणून.

शहरात मुकुंदराव डॉक्टरांचा खाजगी दवाखाना होता. वडील दत्तोपंत निजामाच्या अमदानीत कचेरीत कारकून होते, मुलगा शिकून सर्जन झालेला. हात चांगला, जीभ त्याहून चांगली. त्यांनी साळूबाईला वाचवलं आणि वर मनकर्णाबाईचं कौतुक केलं. "आजी, तुम्ही एरंडेल पाजलं नाहीत म्हणून ही जगली. या दुखण्यात एरंडेल म्हणजे विष. आतलं आत फुटलं असतं." मग उत्साहाच्या भरात त्यांनी तिचा हात धरून स्वतःच्याच पोटावर जागा दाखवली. बेंबी आणि कमरेचं उजवं हाड, यांच्या मधून थोडं हाडाकडे. "इथे बोट ठेवून दाबायचं. दाबलं की दुखतं आणि एकदम सोडलं की जास्त दुखतं. तसं झालं की समजायचं, अपेंडिक्स."

एवढंच सांगितलं. शेपूट कुठंही वळलेलं असू शकतं, आणि जिथं शेपूट तिथं दुखणं, हे नाही सांगितलं. डॉक्टरांना ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण खेड्यातल्या म्हातारीला किती म्हणून सांगायचं? पाहुण्याला अर्धा कप चहा देऊन वाटेला लावावं तशी त्यांनी तिला अर्धी विद्या दिली.

निघताना मनकर्णाबाईनं काढलेलं अपेंडीस मागून घेतलं. गावात दाखवायला पाहिजे की! डॉक्टर हसले, रुंद तोंडाच्या बाटलीत स्पिरिट घालून त्यांनी ते दिलं. तेच हे माझ्या शेजारचं. सरळ, गोबरं, गुलजार. त्याला पाहायला गाव लोटलं.

तेव्हापासून मनकर्णाबाईच्या बोटाला मान आला. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून बाया पोट दाखवायला येऊ लागल्या. ओसरीवर घोंगडी टाकायची, बाईला उताणी निजवायची, कोनाड्यातली बाटली खाली घेऊन आधी दर्शन द्यायचं आणि मग नेमक्या जागेवर बोट. दुखलं नाही की म्हातारी बाईच्या पोटावर थाप मारून म्हणायची, "ऊठ. अपेंडीस नाय. ओवा खा." ओव्यानं बऱ्या झालेल्या बाया पुढच्या आठवड्यात दोघींना घेऊन यायच्या. चुकायला तिला संधीच मिळाली नाही, आणि न चुकलेल्या माणसासारखं धोकादायक जनावर नाही.

इकडं साळूबाईला जपणं सुरू झालं. जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, सकाळी दूध, दुपारी शिरा. टाके कधीच भरले होते, पण शिरा काही थांबला नाही. तिचं काम गेलं भागूबाईकडं. विहिरीचं पाणी, गोठा, दोन्ही वेळच्या भाकरी, आणि कापूस फुटल्यावर वेचणी. भागूबाई तक्रार करत नव्हती. कधीतरी शिऱ्याची कढई खरवडून तिला मिळायची, तेवढ्यावर ती खूश असायची.

वेचणी ऐन भरात आली आणि माझं तोंड बंद झालं. मळाचा एक खडा, ज्वारीच्या दाण्याएवढा, येऊन माझ्या मुळाशी अडकला. यात माझं कर्तृत्व काही नाही, तो कुणाच्याही नशिबी येतो. आतला पाझर बाहेर पडेना. मी फुगायला लागलो.

पहिली कळ सगळ्यांची सारखीच, बेंबीभोवती. जेवण जाईना. भागूबाईनं पोट आत ओढून धरलं, जुन्या सवयीनं. मग कळ आपल्या जागी गेली, म्हणजे माझ्या जागी. पुढं नाही, मागं. उजव्या कुशीत, बरगडीखाली, पाठीच्या कडेला. मी टेकलो होतो तो मांडीचा स्नायू चिडला. उजवा पाय सरळ केला की तो ताणला जायचा आणि सुजलेल्या मला खेचायचा. पाय दुमडला, कंबरेत वाकलं की आम्हा दोघांना जरा बरं. म्हणून भागूबाई वाकून चालायला लागली.

आणि इथं नशिबानं चेष्टा केली. कापूस वाकूनच वेचतात.

शेतात ती वाकलेली असायची तेव्हा कळ कमी. ओटी भरली, ती रिकामी करायला उभी राहिली की डोळ्यांपुढं काजवे. संध्याकाळी तिनं धीर करून सासूला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आपलं दुखणं आपल्या तोंडानं सांगितलं असेल. मला तर तिचा आवाज अनोळखी वाटला.

"आत्याबाई, माझ्या कुशीत लई दुखतंय. उभं राहवत नाय."

"कवापासून?"

"कालपासून. वाकलं की बरं वाटतंय, उभं राहिलं की कळ येती."

मनकर्णाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि ती हसली. "वाकल्यावर बरं वाटतंय? मग वाक की. अजून अर्धं रान वेचायचंय." मग शेजारणीकडं वळून म्हणाली, "साळूचा शिरा बघून हिच्या पोटात दुखाया लागलंय."

शेजारीण खदखदली. साळूबाईसुद्धा हसली, पण जरा कमी.

तरी म्हातारी बोटाला जागली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ओसरीवर घोंगडी टाकली आणि भागूबाईला निजवलं. चारदोन बाया होत्याच, तमाशा फुकट असला की बायांना वेळ मिळतो. रामकिसन खांबाला टेकून उभा होता. मला वाटलं, आता काय ते होऊन जाईल. सुजलेल्यालाही सापडावंसं वाटतं, खोटं कशाला सांगू? लपून बसण्याची हौस मला नव्हती. जन्मताच तसा वळलो होतो.

"पाय सरळ कर," मनकर्णाबाई म्हणाली.

"नाय व्हत सरळ."

"नाय व्हत म्हंजी? नाटकं करू नको."

तिनं भागूबाईचा उजवा गुडघा तळहातानं खाली दाबला. स्नायू ताणला गेला, मी खेचला गेलो, आणि जन्मात न ओरडलेली भागूबाई किंचाळली. तिथंच सगळं निदान होतं. डॉक्टर असता तर तेवढ्या एका किंकाळीवर त्यानं चाकू उकळायला टाकला असता.

मनकर्णाबाई बायांकडं बघून म्हणाली, "बघितलं का गं? पोटाला अजून हातबी नाय लावला म्या, अन् ही बोंबलाया लागली. दुखणं पोटात अन् वरडती पाय दाबल्यावर!"

बाया हसल्या. मग बोट आलं. बेंबी आणि हाड यांच्या मधून थोडं हाडाकडं, अगदी शिकवल्यासारखं. ते खाली गेलं, वायूच्या पिशवीत रुतलं, उशीत रुतावं तसं. मी पिशवीच्या मागं. माझ्यापर्यंत ते पोचलंच नाही. एकदम सुटलं. पोट मऊ.

"दुखलं?"

भागूबाई खरं बोलणारी. तिथं दुखलं नव्हतं. "इथं नाय दुखत," ती म्हणाली. "मागं दुखतंय, आत्याबाई. पाठीत, कुशीत."

"अपेंडीस मागं नसतंय. डाक्टरानं माझा हात धरून दावलंय मला. साळू, तुझं कुठं दुखत व्हतं गं?"

साळूबाई दारात उभी होती. तिनं लुगड्यावरून आपल्या वणावर बोट ठेवलं. "माझं तर इथं दुखलं व्हतं," ती म्हणाली. खोटं बोलली नाही. तिचं तिथंच दुखलं होतं.

त्या घरात कुणीच खोटं बोललं नाही त्या दिवशी. बोटही खोटं बोललं नाही. सगळ्यांनी मिळून खरं बोलून भागूबाईला खोटी ठरवली.

रात्री अंथरुणावर तिनं नवऱ्याला सांगितलं. "अवो, मला औरंगाबादला न्या. माझं कायतरी बिघडलंय." रामकिसननं कूस बदलली. "आईनं बघितलं ना दाबून? पोट मऊ हाय म्हणली. आईला कळतंय." पाच मिनिटांत तो घोरायला लागला. भागूबाई उजवा पाय पोटाशी घेऊन पडून राहिली. तिनं पोट आत ओढून धरलं. आता त्या सवयीनं जीव जायची वेळ आली होती, पण सवय ती सवय.

सकाळी मनकर्णाबाई वाटीत एरंडेल घेऊन आली.

साळूबाई चरकली. एवढं मी तिच्या बाजूनं सांगतो. ती म्हणाली, "आत्याबाई, डाक्टर म्हणले व्हते एरंडेल देऊ नका."

"अपेंडीसला देऊ नका म्हणले व्हते. हे अपेंडीस न्हवंच. कळतंय का तुला? असतं तर म्या दिलं असतं का? माझी काय ती वैरीण हाय?"

बिनतोड होतं. जे माहीत असल्यामुळं तिनं थोरलीला वाचवलं, त्याच माहितीच्या जोरावर ती धाकटीला विष पाजत होती, आणि तिच्या आवाजात काळजी होती. भागूबाईनं वाटी घेतली. नाक न दाबता, तोंड न वाकडं करता प्याली. सारजाबाईच्या घरी वाढलेली पोर, पुढ्यात आलेलं नाही म्हणायचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुपारपर्यंत आतडी पिळवटून निघाली. पिशवी आक्रसली, मी आधीच तटतटलेला, काळा पडलेला. मी फुटलो.

आणि आता सगळ्यात क्रूर गोष्ट सांगतो. फुटल्यावर बरं वाटतं. ताण सुटतो ना. भागूबाईची कळ एकाएकी ओसरली. तिनं सुस्कारा सोडला, तोंड धुतलं, भाकरीचे चार घास खाल्ले. सासूपुढं जाऊन ती लाजून म्हणाली, "आत्याबाई, बरं वाटलं मला."

मनकर्णाबाईचा आनंद काय सांगावा! ती वेशीपर्यंत सांगत गेली. "पोट साफ झालं अन् ढोंग उतरलं. बोटाला कळतंय बाई, बोटाला!" भागूबाई हातात टोपलं घेऊन रानात गेली. स्वतःच्या दुखण्याची तिलाच शरम वाटत होती. आपण उगाच बोललो, असं ती वाटेनं पुटपुटली. ते फक्त मी ऐकलं. मी तेव्हा पू होऊन तिच्या पाठीच्या पोकळीत उतरत होतो.

माझा पू पुढं पोटात पसरला असता तर एका दिवसात बोभाटा झाला असता. मी मागं, म्हणून तोही मागं साठला, मांडीच्या स्नायूच्या कडेकडेनं, गुपचूप. थंडी वाजून ताप यायचा, घामानं उतरायचा, पुन्हा यायचा. मनकर्णाबाईनं काढे दिले. पाय तर आता दुमडलेलाच राहिला. वेचणी संपली. सारं रान पांढऱ्याचं तपकिरी झालं, आणि मग एके दिवशी भागूबाई गोठ्यात पडली ती उठलीच नाही. तेव्हा कुठं गाडी जुंपली.

मुकुंदरावांनी तिला बघितलं. आधी पुढून पोट चाचपलं, मग तिला डाव्या कुशीवर वळवली, उजवा पाय हलकेच मागं नेऊन बघितला. तिच्या तोंडातून आवाज निघाला नाही, नुसतं पाणी आलं डोळ्यांतून. त्यांनी कंबरेच्या कडेला बोटं ठेवली, आणि त्यांची चांगली जीभ आत गेली.

"आजी, हे फार दिवसांचं आहे. ही दुखतंय म्हणून काही बोलली नाही का?"

"नाय ओ डाक्टर. एक शबुद नाय बोलली."

भागूबाई शुद्धीवर होती. तिनं डोळे उघडले. ओठ सुकलेले, पण शब्द स्पष्ट होते. "सांगितलं व्हतं. आत्याबाईंना सांगितलं व्हतं म्या. ह्यांनाबी सांगितलं."

मनकर्णाबाईनं तिच्या कपाळावरून हात फिरवला. मायेनं. "वात झालाय पोरीला, तापात कायबी बोलती." आणि रामकिसनकडं बघितलं.

रामकिसन म्हणाला, "व्हय. वातच हाय."

भागूबाईनं पुन्हा तोंड उघडलं नाही. शेवटपर्यंत नाही.

डॉक्टरांनी कुशीत चीर देऊन भांडंभर पू काढला आणि त्याच्या तळाशी मी सापडलो, काळा, फुटका, शेपूट पाठीकडं वळलेलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. पू तिच्या रक्तात उतरला होता.

मुकुंदरावांनी मनकर्णाबाईला बोलावून सांगितलं, आता सगळी विद्या सांगितली. अपेंडिक्स मागं वळलेलं असलं की पोट मऊ राहतं, पाठीत दुखतं, पाय सरळ होत नाही. म्हातारीनं नीट ऐकून घेतलं. मग डोळे पुसून म्हणाली, "पोरगी उफराटी, तिचं अपेंडीसबी उफराटं." आणि बाटली मागितली.

डॉक्टरांनी दिली. का दिली, ते देवाला माहीत. कदाचित तिनं लवकर जावं म्हणून दिली असेल.

तर असा मी या कोनाड्यात. शेजारचा गोबरा माझ्याशी बोलत नाही, त्याचा मान कमी झाल्याचा त्याला राग आहे. कारण मनकर्णाबाईचं नाव आता वैजापूरपर्यंत गेलं आहे. एका घरात दोन अपेंडीस, म्हणजे केवढा अनुभव! एकीचं तिनं ओळखलं, दुसरीचं ओळखायला डॉक्टरालाही पोट फाडावं लागलं, असा हिशेब लोकांनी मांडला आहे. ती अजून घोंगडी टाकते. बोट अजून तिथंच ठेवते. मागं, पाठीत दुखतंय का, ते बघत नाही. दोन जागा लक्षात ठेवण्यापेक्षा एक जागा बरी.

वर्षाच्या आत रामकिसनचं दुसरं लग्न झालं. मनकर्णाबाई मुलगी बघायला गेली तेव्हा सुपारी फुटायच्या आधी मुलीला आतल्या खोलीत नेऊन तिनं तिचं पोट दाबून बघितलं. मुलगी पास झाली. द्वारकाबाई तिचं नाव. सासूनं आमच्या बाटल्या पुसायचं काम तिला दिलं आहे. हात हलका आहे तिचा.

परवा ओसरीवर पाहुण्या बाया बसल्या होत्या. मनकर्णाबाईनं मला उजेडात धरून हलवलं. "ही धाकटी. लई गुणाची पोर, बाई, सोन्यासारखी. पन सांगितलंच नाय तिनं. एकदा जरी सांगितलं असतं तरी म्या अशी सोडली असती का तिला?" डोळ्यांना पदर लावला. खोटं रडत नव्हती ती. आता तिला तसंच आठवतं.

बाया हळहळल्या. द्वारकाबाईनं मला जागेवर ठेवलं आणि आत जाऊन हळूच विचारलं, "जाऊबाई, त्यांनी खरंच सांगितलं नव्हतं?"

साळूबाईची भाकरी तव्यावर होती. ती म्हणाली, "सांगितलं व्हतं. म्या दारातच व्हते."

"मग?"

साळूबाईनं पिठाच्या हातानं आपल्या वणावर बोट ठेवलं. "माझं इथं दुखलं व्हतं," ती म्हणाली. भाकरी करपल्याचा वास कोनाड्यापर्यंत आला. बाहेरून मनकर्णाबाईची हाक आली, पाहुण्यांना चहा टाक, आणि साळूबाई चहा टाकायला उठली.

माझ्या बाटलीतलं स्पिरिट उडत चाललं आहे. झाकण नीट बसत नाही, वरून नवं ओतायला कुणाला सुचत नाही. थोड्या दिवसांत मी चामड्याच्या वादीसारखा वाळून जाईन. मग मला कोण विचारतो? त्याआधी द्वारकाबाईला, तुम्हाला, जो कोणी ऐकेल त्याला सांगून ठेवतो. घरात कुणी वाकून चालायला लागलं तर तिच्या पोटावर बोट ठेवायच्या आधी तिला विचारा, बाई, कुठं दुखतंय. आणि ती जिथं म्हणेल तिथं दुखतंय असं समजा, तुमचं कधी कुठं का दुखलेलं असेना. एवढं तुमच्याकडून होणार नाही, मला ठाऊक आहे. माणसं आतून बघायची मला सवय आहे.

भागूबाईनं सांगितलं होतं. माझा निरोप एवढाच.